ब्रेटन लोककथेवरून चित्रकथेची मूळ पाने: कथेच्या निवडीपासून शाईपर्यंत

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, तिन्ही बाजूंनी समुद्र असलेला ब्रिटनी हा प्रांत लोककथांसाठी ओळखला जातो. तेथील ब्रेटन भाषा ही फ्रेंचची बोली नसून वेल्श आणि कॉर्निश यांच्या कुळातील केल्टिक भाषा आहे, आणि तिच्यातील गाणी व कथा एकोणिसाव्या शतकात गावोगाव फिरून लिहून घेतल्या गेल्या. या कथांवर चित्रकथा काढू पाहणारा नवा चित्रकार बहुधा आधी धुके, वेटोळ्यांची नक्षी आणि अंधारात चमकणारे डोळे काढू लागतो. माझ्या मते काम येथून सुरू करू नये. ब्रेटन कथांतले भय वस्तूंमध्ये असते: वंगणावाचून करकरणारी गाडी, झोपलेल्या राजाच्या गळ्यातील किल्ली, पिळायचा राहिलेला ओला कपडा. त्या वस्तूचे वजन आणि तिची चाल कागदावर खरी उतरली, तर अद्भुतासाठी वेगळी आरास मांडावी लागत नाही; आणि बडोद्यात बसून ब्रिटनी काढायची असेल, तर वस्तूपासून सुरुवात करणे सोयीचेही आहे, कारण वजन, ओल आणि पीळ यांचा अभ्यास येथेही करता येतो.

कथा मुळातून वाचावी. एर्सार द ला व्हिलमार्के यांनी 1839 मध्ये ‘बार्झाझ ब्रेझ’ हा ब्रेटन गीतांचा संग्रह छापला. त्यांनी गाणी फार सजवली असा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि त्यांच्या टिपणवह्या 1964 मध्ये हाती लागल्यावर त्यांनी खरोखरच लोकांकडून ऐकून संकलन केले होते हे स्पष्ट झाले. फ्रांस्वा-मारी ल्यूझेल यांनी कथा अधिक काटेकोरपणे नोंदवल्या. चित्रकाराच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी मात्र आनातोल ल ब्राझ यांचे 1893 मधील मृत्युकथांचे पुस्तक आहे, कारण त्यात कथेबरोबर रस्ता, प्रहर, ऋतू आणि सांगणाऱ्याचे गावही येते. ल ब्राझ 1926 मध्ये वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर फ्रान्समध्ये 70 आणि भारतात 60 वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, त्यामुळे या मूळ कथा सर्वांना मोकळ्या आहेत. पण त्यांची अलीकडची भाषांतरे आणि त्यांवर इतरांनी काढलेली चित्रे मोकळी नाहीत. दुसऱ्याची चित्रकथा समोर ठेवून काढलेले पान कितीही देखणे झाले तरी ते मूळ काम ठरत नाही, म्हणून कथा ठरेपर्यंत या विषयावरच्या तयार चित्रकथा पाहूच नयेत, असा माझा आग्रह आहे.

कथा निवडताना तिच्यात एक ठळक नियम आहे का, हे पाहावे. आंकू हा मृत्यूचा सेवक घ्या. एखाद्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, वर्षाच्या अखेरीस जो शेवटी मरतो तो पुढच्या वर्षाचा आंकू होतो, अशी समजूत होती. रुंद काठाची टोपी, उंच किडकिडीत देह, करकरणारी गाडी आणि लांब दांड्याचा विळा ही त्याची चिन्हे. त्या विळ्याचे पाते नेहमीच्या विळ्यासारखे आत वळलेले नसून बाहेर वळवलेले असते, त्यामुळे तो कापताना हात स्वतःकडे ओढत नाही, पुढे ढकलतो. हा एक तपशील खांद्याची आणि कमरेची सगळी ठेवण बदलतो. तो चुकला तर चित्रात उरतो केवळ एक शेतकरी सांगाडा. प्लुमिलिओ येथील चर्चमध्ये त्याची लाकडी मूर्ती आहे आणि ला रोश-मोरिस येथील सतराव्या शतकातल्या अस्थिगृहाच्या भिंतीवर तो ‘मी तुम्हा सर्वांना मारतो’ या शब्दांसह कोरलेला आहे. दोन्हींची छायाचित्रे सहज मिळतात. मराठी वाचकासाठी म्हणून त्याला रेड्यावर बसवण्याचा किंवा हातात पाश देण्याचा मोह टाळावा. यम हा देव आहे, तर आंकू हा कालपरवापर्यंत गावात वावरणारा माणूस. शेजाऱ्याचा चेहरा ओळखू येणे हाच त्या कथेचा घाव आहे.

केर-ईस ही बुडालेल्या नगरीची कथा अधिक भव्य आहे. दुआर्नने येथील उपसागरात बांधाआड वसलेले नगर, राजा ग्राडलोन, समुद्राच्या दाराची किल्ली त्याच्या गळ्यातून काढून घेणारी मुलगी दाहूत, आणि शेवटी भरतीपुढे धावणारा घोडा असा तिचा साचा आहे. कँपेरच्या कॅथीड्रलवर दोन मनोऱ्यांच्या मध्ये ग्राडलोनचा अश्वारूढ पुतळा आजही दिसतो. ही कथा घेणाऱ्याने भरती प्रत्यक्ष पाहावी. गुजरातमधील जंबुसर तालुक्यात कावी-कंबोई येथे स्तंभेश्वर महादेवाचे मंदिर खंभातच्या आखातात भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते. तेथे उभे राहिले की भरती ही चित्रात नेहमी दाखवतात तशी उसळती भिंत नसते, ती आधी पायऱ्यांच्या सांध्यांतून, खड्ड्यांतून आणि मागच्या बाजूने येते, हे कळते. दरबार भरलेला असताना फरशीच्या फटीतून वर येणारे पाणी ही चौकट पर्वताएवढ्या लाटेपेक्षा अधिक परिणाम करील. तेथील पाण्याचा गढूळ तपकिरी रंग मात्र घेऊ नये. दुआर्ननेचे पाणी हिरवट-निळे आहे आणि ब्रिटनीचा ओळखीचा दगड ग्रॅनाइट आहे. ग्रॅनाइट पाहायचा तर उत्तर गुजरातेतील ईडरला जावे, तेथे त्याचे गोलसर प्रचंड धोंडे उघड्यावर पडलेले आहेत. पावागडचा दगड या कामाचा नाही.

यापुढचे विवेचन मी तिसऱ्या कथेच्या आधारे करतो, कारण चार पानांत मावणारी आणि रेषेची खरी परीक्षा घेणारी कथा तीच आहे. कान्नेरेझेद-नोझ म्हणजे रात्री पाणवठ्यावर कफने धुणाऱ्या स्त्रिया. उशिरा घरी परतणाऱ्या वाटसरूला त्या हाक मारतात आणि कापड पिळायला मदत मागतात. त्याने त्यांच्याच दिशेने कापड फिरवले तर तो वाचतो. उलट दिशेने फिरवले तर त्याचे हात मोडतात आणि तो मरतो. नियम एवढाच आहे. पण तो काढायचा कसा, याचे उत्तर कथेत नाही. ते गच्चीवर मिळते.

जाड खादीची मोठी चादर भिजवून दोघांनी समोरासमोर उभे राहून पिळावी आणि तिसऱ्याने बाजूने पाहत रेखाटने करावीत. दोघेही सवयीने आपापल्या उजवीकडे मनगट वळवतात. समोरासमोर असल्यामुळे त्या दोन दिशा प्रत्यक्षात परस्परविरुद्ध होतात, आणि म्हणूनच पीळ बसतो व पाणी निघते. आता एकाने समोरच्याच्या हाताबरोबर, त्याच्याच दिशेने फिरवून पाहावे. चादर नुसती गोल फिरत राहते, पीळ बसत नाही. म्हणजे कथेत जो नीट, उपयोगी मदत करतो तो मरतो, आणि जो रात्रभर निष्फळ काम करत राहतो तो सुटतो. मला ही कथा थोर वाटते ती यासाठी, आणि चित्रकाराने वाचकाला संवादातून नव्हे तर सुरकुत्यांतून हे सांगायचे आहे. वाचणाऱ्या माणसाच्या चौकटीत कापडाच्या घड्या आडव्या आणि समांतर असाव्यात. मरणाऱ्याच्या चौकटीत त्या तिरक्या, एकमेकींवर चढलेल्या आणि मनगटापर्यंत पोहोचलेल्या असाव्यात. तिरक्या घड्यांचा कल सर्व चौकटींत एकाच बाजूला ठेवावा. मध्येच तो बदलला तर पीळ उलगडल्याचा भास होतो. आणखी एक गोष्ट या प्रयोगात लक्षात येते: पीळ बसत जातो तसे कापड आखूड होते आणि दोन्ही माणसे एकमेकांकडे ओढली जातात. हीच गोष्ट पानाची रचना ठरवून देते.

वाटसरूचे पात्र आपण स्वतः रचलेले असावे. मी त्याला विणकर करण्याचे सुचवीन, कारण ब्रिटनीत जवसाच्या धाग्याच्या कापडाचा मोठा उद्योग होता, आणि कापडातले कळणारा माणूसच ‘मी दाखवतो कसे पिळायचे ते’ असे म्हणत सापळ्यात शिरेल. पहिल्या पानावर रस्ता आणि कपडे बडवण्याच्या लाकडी थापीचा आवाज. धुणारी दिसता कामा नये. दुसऱ्यावर पाणवठा आणि विनंती. तिसऱ्या पानावर एकाखाली एक अशा पाच आडव्या चौकटी घ्याव्यात, प्रत्येकीत दोन टोकांना चार हात आणि मध्ये कापड. पहिली चौकट पानाच्या पूर्ण रुंदीची असावी आणि पुढची प्रत्येक थोडी अरुंद, जेणेकरून कापडाबरोबर चौकटही आखडत जाईल, दोन चेहरे जवळ येतील आणि कडेची मोकळी जागा काळ्या शाईने भरत जाईल. धुणारीचा चेहरा पाचव्या चौकटीपर्यंत राखून ठेवावा. चौथे पान शक्य तितके शब्दहीन असावे. सकाळी पाणवठ्यावर आलेल्या गावच्या बायकांना काय दिसते, हे प्रत्येकाने आपल्या कल्पनेने ठरवावे. ही मांडणी आधी पत्त्याच्या आकाराच्या कच्च्या रेखाटनांत करावी आणि पान हातभर अंतरावरून काळ्या-पांढऱ्या डागांसारखे वाचता येते का, ते पाहावे. तेथे न कळणारी गोष्ट मोठ्या कागदावर बारीक रेषांनी कळू लागत नाही.

पोशाखाची तपासणी पेन्सिल हाती घेण्यापूर्वी व्हावी. कथा कोणत्या वर्षी घडते, हे ठरवल्याशिवाय ती होत नाही. नैऋत्य ब्रिटनीतल्या स्त्रियांची नळकांड्यासारखी उंच बिगुडेन टोपी ब्रिटनीचे चिन्ह म्हणून सर्वत्र दिसते, परंतु तिची 30 सेंटीमीटरहून अधिक उंची विसाव्या शतकातली आहे. 1850 च्या सुमाराची कथा असेल तर टोपी बसकी आणि डोक्याला धरून असलेली काढावी. ही शिरोभूषणे मुलखागणिक वेगळी होती, त्यामुळे एक गाव निवडून तेथीलच नमुना पाळावा. काळे-पांढरे पट्टे असलेला ब्रेटन ध्वज 1923 च्या सुमारास तयार झाला, म्हणून जुन्या कथेत तो येऊ नये. गुंतागुंतीची वेटोळी नक्षी मुख्यतः आयर्लंडच्या हस्तलिखितांतली आहे. कार्नाकच्या रांगेने उभ्या शिळा केल्टिक लोकांच्याही हजारो वर्षे आधीच्या, नवाश्मयुगातल्या आहेत. त्यांच्याभोवती नाचणारे कोरिगान, म्हणजे ब्रेटन कथांतले बुटके मायावी जीव, खुशाल काढावेत, तसे लोक सांगतच आले, पण शिळा उभारणारा पांढऱ्या दाढीचा पुरोहित काढू नये. पुरुषांना ढगळ गुडघ्यापर्यंतच्या विजारी आणि लाकडी पादत्राणे, घरात सरकत्या दारांचा कपाटासारखा पलंग, छपराला गवत किंवा स्लेटच्या फरशा, एवढे पुरेसे होते. धुणारीची बैठकही आपल्यासारखी नसते: ती उकिडवी बसून किंवा उभी राहून दगडावर कपडा आपटत नाही, तर पाण्याच्या काठाशी गवत घातलेल्या लाकडी खोक्यात गुडघे टेकून, पुढे वाकून थापीने बडवते. बडोद्याच्या विश्वामित्री नदीकाठी पाहिलेली आकृती तशीच उचलली तर येथे पहिली चूक होईल.

पान ए-3 आकारावर काढावे आणि ए-4 वर छापावे, म्हणजे रेषा सुमारे 70 टक्क्यांवर येते आणि 0.3 मिलिमीटरची रेषा छपाईत 0.2 ची होते. त्याहून बारीक रेषा तुटण्याचा धोका असतो. ब्रिस्टल बोर्ड मिळाल्यास उत्तम, नाहीतर गुळगुळीत जाड आयव्हरी शीट चालते. साधा कार्ट्रिज कागद पेन्सिलीला चांगला, पण टाकाचे टोक त्याच्या तंतूत अडकते आणि शाई फुटते. फिकट निळ्या पेन्सिलीने कच्चे रेखाटन करून त्यावर एच-बी पेन्सिलीने नेमकी रेषा घ्यावी, कारण स्कॅन केल्यावर निळा रंग वेगळा काढून टाकणे सोपे जाते.

अक्षरांची जागा पेन्सिलीच्या टप्प्यातच ठरवावी. परदेशी चित्रकथांतले संवादाचे फुगे पाहून तेवढेच फुगे काढणारे बरेच जण येथे अडतात, कारण देवनागरीला वर मात्रा-वेलांट्यांसाठी आणि खाली उकार-ऋकारांसाठी जागा लागते आणि दोन ओळी जवळ आणल्या की वरचा उकार खालच्या मात्रेवर बसतो. ए-3 पानावर अक्षराची उंची 5 मिलिमीटर धरली, तर एका शिरोरेषेपासून दुसऱ्या शिरोरेषेपर्यंत किमान 11 मिलिमीटर सोडावेत. आखणी शिरोरेषेची करावी, तळरेषेची नव्हे. आपली अक्षरे रेषेखाली लोंबतात, रेषेवर उभी राहत नाहीत. हाताने लिहायचे तर तिरका कापलेला बोरू किंवा चपटी निब वापरावी, आणि एका फुग्यात चार ओळींहून अधिक मजकूर असेल तर फुगा मोठा करण्याऐवजी मजकूर कापावा. विणकराच्या तोंडी साधी बोली द्यावी. धुणारीने मात्र दोनच वाक्ये बोलावीत, आणि तीही आर्जवाने: ‘दादा, एवढं टोक धरता का?’ यापेक्षा भीतीदायक संवादाची गरज नाही. थापीचा ‘धप्’ हा आवाज चौकटीच्या कडेवर, अर्धा आत आणि अर्धा बाहेर लिहावा.

शाईचे काम बडोद्याच्या हवेवर अवलंबून असते. मे महिन्यात शाई निबवरच घट्ट होते. दौतीतून थोडी शाई वाटीत घेऊन तिच्यात ऊर्ध्वपातित पाण्याचे दोन-तीन थेंब घालावेत, पंखा थेट कागदावर नसावा आणि तळहाताखाली घाम टिपणारा कागद ठेवावा. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि रेषेला मिशा फुटतात, म्हणून वापरायचे कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत ठेवून लागेल तसे काढावेत. शाई जलरोधक असल्याची खात्री आधी तुकड्यावर करावी. चेहरे आणि हात टाकाने, कापड ब्रशने, दगड जवळपास कोरड्या ब्रशने, असा वाटा ठेवला तर तीन पदार्थ तीन प्रकारच्या रेषांनी वेगळे पडतात. ओल्या कापडाला छायेच्या बारीक रेघोट्या देऊ नयेत. ओले कापड वजनाने ताणले जाते, त्याच्या घड्या थोड्या आणि धारदार असतात. काळे भाग एका दाट थरात न भरता दोन पातळ थरांत भरावेत, नाहीतर कागद आकसून लाटा येतात. रात्र म्हणजे सगळे काळे नव्हे. पाणी, कापड आणि धुणारीची टोपी, एवढेच पांढरे ठेवले की उरलेला काळा आपोआप खोल दिसतो.

रंग द्यायचा की नाही, याबद्दल मतभेद होऊ शकतील. मला ही कथा केवळ काळ्या शाईत पुरेशी वाटते. द्यायचाच असेल तर त्याची रीत ब्रिटनीतच सापडते. पॉन-आव्हेन या गावी 1888 च्या सुमारास पॉल गोगँ आणि एमिल बेर्नार यांनी जाड गडद बाह्यरेषा आणि तिच्या आत सपाट, छायाविरहित रंग अशी चित्रपद्धती घडवली, आणि चित्रकथेची भाषा मुळात हीच आहे. बडोदेकराला ती परकी वाटण्याचे कारण नाही: रावपुऱ्यातील तांबेकर वाड्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातल्या मराठा चित्रकारांनीही आकृती रेषेने बांधून सपाट रंगांनीच भरल्या आहेत. तेथे जाऊन गर्दीच्या चित्रात एकच लाल डोळ्याला कसा फिरवतो, ते पाहून यावे. आपल्या चार पानांना राखी-निळा, शेवाळी हिरवा आणि कापडाचा पिवळसर पांढरा एवढे तीन रंग पुरतात. रक्ताचा लाल तर मुळीच नको, कारण या कथेत रक्त नाही. मूळ पानावर रंग चढवण्याआधी ते 600 डीपीआयवर (एका इंचात 600 बिंदू) स्कॅन करून ठेवावे.

संगणकावर रंग देणार असाल तर मूळ कलाकृती म्हणजे शाईचे काळे-पांढरे पान असते, आणि विकताना हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. पानाच्या मागे पेन्सिलीने कथेचे नाव, पानाचा क्रमांक, वर्ष, कागद आणि शाई यांची नोंद करून सही करावी. जेथून कथा घेतली त्या संकलकाचे नावही तेथेच लिहावे. पाने गुंडाळू नयेत. दोन पानांमध्ये आम्लमुक्त पातळ कागद घालून ती सपाट फाइलीत ठेवावीत, फाइल भिंतीला टेकवू नये, आणि श्रावण संपल्यावर एकदा सगळी पाने बाहेर काढून सावलीत हवा द्यावी.